बावडेकर, रामचंद्रपंत अमात्य

(सु. १६५०–१७१६). मराठेशाहीतील एक कर्तबगार मुत्सद्दी व कोल्हापूर राज्यातील बावडा जहागिरीच्या पंत अमात्य घराण्याचे मूळ पुरुष. हे घराणे मूळचे कल्याण परिसरातील. रामचंद्रपंतांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, तर चुलते आबाजी सोनदेव कल्याणचे सुभेदार होते. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी मुजुमदारास अमात्य ही संज्ञा मिळाली व अष्टप्रधानांत रामचंद्रपंतांची त्या पदावर योजना झाली.

संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीस गेले. त्यावेळी महाराष्ट्राचा कारभार ‘हुकूमतपन्हा’ या किताबासह रामचंद्रपंतांकडे सोपविण्यात आला. विशाळगड, पन्हाळा या सह्याद्रीतील गडांच्या आश्रयाने त्यांनी शंकराजी नारायण सचिव व परशुराम त्रिंबक यांच्या साहाय्याने राज्याची घडी सावरली आणि संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या मोहिमांना पाठबळ दिले. औरंगजेब मराठे सरदारांना मनसबी व वतने देऊन फोडीत होता. त्यांना राखण्यासाठी राजारामांच्या शासनासही वतने व इनामे द्यावी लागली. शिवाजी महाराजांचे धोरण नव्या वतनांना प्रतिकूल होते. संकटकाळात ते सैल करावे लागले.

राजारामांच्या मृत्यूनंतर (१७००) रामचंद्रपंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाल्यावर अनेक सरदार सातारच्या बाजूस वळले. रामचंद्रपंतांनी मात्र पन्हाळ्याची बाजू सोडली नाही. १७१४ मध्ये तेथे सत्तांतर होऊन ताराबाई कैदेत पडल्या व राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. त्यांच्याही दरबारात अमात्यांचे वजन कायम राहिले.

याच संभाजींच्या नावे १७१५ मध्ये सिद्ध झालेल्या आज्ञापत्राचे कर्तृत्व सामान्यतः रामचंद्रपंतांकडे दिले जाते. राजधर्म, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग व आरमार हे त्याचे विषय होत. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेची झाडे बळाने घेऊ नयेत, मालकास राजी करून व मोल देऊनच जीर्ण झाड तोडावे, असे त्यात सांगितले आहे. वतनदार हे संधी मिळताच स्वतंत्र होऊ पाहणारे लहान राजेच होत, म्हणून त्यांना स्नेह व दंड या दोहोंच्या मर्यादेत ठेवावे, असा त्यातील इशारा आहे. सेवकांना भूमी देत गेल्यास राज्यच क्षीण होते, हेही त्यात बजावले आहे. संकटकाळात वतने देण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याच कारभाऱ्याचा हा अनुभव असल्याने त्यास विशेष महत्त्व आहे.

रामचंद्रपंतांनंतर त्यांचे पुत्र भगवंतराव अमात्य झाले. पुढे पद व जहागीर वंशपरंपरेने चालून घराण्यास बावडेकर हे नाव पडले. जहागिरीचे ठाणे गगनबावडा हे करूळ व भुईबावडा या घाटांच्या माथ्यावर असून कोकण व देश यांमधील वाटांवर तेथून नजर ठेवता येई. १८६२ च्या करारानंतर कोल्हापूरच्या प्रमुख जहागीरदारांवर इंग्रजांचीही देखरेख आली. त्यांत बावडा होता. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले व विलीन प्रदेशांतील जहागिरी १९५३ च्या कायद्याने रद्द झाल्या. वंशपरंपरागत भूसत्तेच्या ज्या धोक्याविषयी आज्ञापत्राने सावध केले होते, त्याच व्यवस्थेत त्याच्या कर्त्याचे घराणे दोन शतकांहून अधिक काळ नांदले.