कारागिराची नजर आणि सरहद्दीपारचे सहकार्य

मागावरचा तुटलेला धागा दिसेनासा झाला, सुईत दोरा ओवता येईना, की कारागिराची मजुरी घटते. मालेगाव-भिवंडीचा विणकर असो की मुंबईचा जरीवाला, नजर हेच त्याचे भांडवल. उतारवयात ती बहुधा मोतीबिंदूने जाते. त्यावर इलाज एकच: शस्त्रक्रिया करून गढूळ भिंग काढणे आणि कृत्रिम भिंग बसवणे.

१९९० च्या सुमारास हे भिंग परदेशातून येई आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात असे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढला. भाव दहा डॉलरच्या आसपास आला, पुढे आणखी उतरला. आज हा माल शंभराहून अधिक देशांत जातो.

पण नुसत्या भिंगाने भागत नाही, हातही तयार हवा. नेपाळच्या तराईत लाहान येथे १९८३ मध्ये नेत्र रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. आल्ब्रेख्त हेनिग या जर्मन सर्जनांनी बारीक सुईचे टोक गळासारखे वाकवून मोतीबिंदू बाहेर ओढण्याची रीत बसवली. त्यात टाके नाहीत, महागडे यंत्र नाही. सरहद्द खुली असल्याने बिहारचे रुग्ण मोठ्या संख्येने तेथे जातात. मुंबईत जरीकाम करणाऱ्या मधुबनी-सीतामढीच्या अनेक कारागिरांचा मुलूख तेथून जवळच आहे.

बांगलादेशात बोगरा येथे २००८ मध्ये ग्रामीण संस्थेने नेत्र रुग्णालय उघडले, तेव्हा अरविंदने प्रशिक्षणाला हात दिला. इमारतीपेक्षा मोलाचा होता तो हिशेब: ऐपतदार रुग्णाने पूर्ण पैसे द्यावेत, त्या शिलकीतून गरिबाची शस्त्रक्रिया व्हावी. अवघ्या ११ खाटांवर १९७६ मध्ये सुरू झालेले अरविंद याच हिशेबावर वाढले.

आपल्याकडे जमातीचे दवाखाने आहेत, देणारे हातही आहेत. शिबिर भरते, पैसा संपतो, पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी. त्याऐवजी विश्वस्तांनी आपली दोन-चार माणसे मदुराईस शिकायला पाठवावीत. तेथे इतर रुग्णालयांच्या लोकांना हा कारभार रीतसर शिकवला जातो. बोगऱ्याहून लोक आले, मग आपल्याला तर सरहद्दही ओलांडायची नाही.

आणि कारागीर बांधवांनो, नजर अंधुक झाली तर मालकापासून लपवू नका. आधी डोळे तपासून घ्या.