पेटीत सात स्वेटर, अंगावर एकही नाही

दिवाळी झाली की तेरखेड्याला थोडी उसंत मिळते. वाशी तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गालगतचे हे आमचे गाव फटाक्यांसाठी ओळखले जाते. वर्षाचा मोठा भाग त्या एका सणाच्या तयारीत जातो. सण सरला की कारखान्यांतले काम मंदावते, मग लग्नसराईचे आणि उरूस-जत्रांचे काम सुरू होते. नेमकी त्याच सुमारास बालाघाटच्या माळावर थंडी उतरते.

यंदा आम्ही घरातल्या चौघींनी, म्हणजे अम्मी, आम्ही दोघी जावा आणि नणंद, लोखंडी पेटी उघडून सगळे गरम कपडे अंगणात बाजेवर पसरले. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि सात स्वेटर. सातही आमच्याच हातचे. तरीही मागच्या थंडीत घरातली निम्मी माणसे शाल गुंडाळून बसत होती. असे का, हे पाहायला वेळ लागला नाही. दोन स्वेटर एकाच मरून रंगाचे, कारण ती लोकर स्वस्त मिळाली होती. एकावर इतकी सुंदर वेलबुट्टी की तो फक्त लग्नात घालायचा. दोन मुलांना आखूड झालेले. उरलेले दोन कुणालाच धड बसत नव्हते. नमुना आवडला की आम्ही सुया हातात घ्यायचो. घरात कशाची कमतरता आहे, हे कधी विचारलेच नव्हते.

म्हणून या वेळी लोकर आणण्याआधी वही घेतली. कुणाला कोणता रंग आवडतो हे न लिहिता, कुणाला किती वाजता आणि काय करताना थंडी वाजते, ते लिहिले. भगिनींनो, हा एक प्रश्न तेवढा घरात विचारून पाहा.

अब्बांना थंडी वाजते ती फजरला. त्यांच्याकडे पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता, पण मनगटाची बॉर्डर घट्ट. वुजूसाठी बाह्या कोपरावर चढत नाहीत, म्हणून ते तो काढूनच ठेवत आणि तसेच गार हवेत मशिदीकडे निघत. अम्मींनी तेव्हा हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांच्या रिवायतीची आठवण करून दिली. सहीह बुखारीत ती आली आहे. प्रवासात असताना रसूलुल्लाह (स.) यांच्या अंगावर अरुंद बाह्यांचा लोकरीचा जुब्बा होता. बाह्या वर सरकेनात, तेव्हा आपण (स.) हात जुब्ब्याच्या खालून बाहेर काढून वुजू केला. आम्ही ही रिवायत कितीदा ऐकली असेल, पण ती कधी विणकामाच्या कानाने ऐकली नव्हती. अब्बांसाठी पुढून उघडा, मोठ्या बटणांचा आणि मनगटाशी सैल बाहीचा स्वेटर ठरला. बॉर्डरला फक्त 4 ओळी.

आमच्या दोघींची अडचण वेगळी. बाहेर जाताना बुरख्याखाली जाड स्वेटर घातला की काखेत बोचका होतो. त्यासाठी तीन पदरी बारीक लोकर, कॉलर नाही, गळा मोठा. नणंदेला सकाळच्या एसटीसाठी कान झाकणारे काहीतरी हवे होते. तिला स्वेटर नको, टोपी हवी होती, आणि तिला ते कुणी विचारले नव्हते.

वहीत सगळ्यात शेवटी धाकट्या दिराचे नाव होते, आणि खरे तर त्याच्यामुळेच वही काढावी लागली. तो फटाक्याच्या कारखान्यात जातो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला हौसेने निळा स्वेटर विणून दिला. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो सुती शर्टाच्या आत तोच घालून कामावर गेला. मुकादमांनी दारातच गळ्यातून डोकावणारी निळी पट्टी पाहिली आणि त्याला परत पाठवले. दिवसाची मजुरी बुडाली. आम्ही घरात बसून मुकादमांनाच बोल लावले, हे आज कबूल करायला हवे.

रात्री दिराने दिवा घालवला आणि आमच्यासमोर तोच स्वेटर अंगातून ओढून काढला. चटचट आवाज झाला आणि अंधारात बारीक ठिणग्या चमकल्या. हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. लहानपणी रजईत शिरून आम्ही हा खेळच करायचो. कोरड्या थंड हवेत कृत्रिम धागा अंगावर घासला की त्यात वीज साठते. आपल्या घरात ती गंमत असते. ज्या खोलीत ॲल्युमिनियमच्या पुडीची दारू उघडी पडलेली असते, तिथे तेवढी ठिणगी पुरते. शिवाय असा धागा पेटला तर वितळतो आणि कातडीला चिकटतो. आमच्या गावाने स्फोट पाहिले आहेत, त्यामुळे त्या रात्री कुणी पुढे काही बोलले नाही.

ज्याला आपण सर्रास लोकर म्हणतो, तो बाजारातला धागा बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतो, हे आम्हाला तेव्हा नीट कळले. ओळखायची रीत सोपी आहे. चार बोटे धागा चिमट्यात धरून पेटवायचा. (आमच्या गावात हे चुलीपाशीच करावे, अंगणात नको.) ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. सुताला कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ राखाडी. आमच्या सातपैकी सहा स्वेटरांचा मणी झाला.

खरी लोकर सहज पेटत नाही, म्हणून आम्हाला वाटले की दिरासाठी तीच आणावी. पण कोरड्या हवेत तिच्यातही वीज साठते, आणि कारखान्याचा नियम सुतीचाच आहे. यंदा सुया हातात घेण्याआधी दिराने मुकादमांना विचारले. त्यांनी सांगितले: सुती, बिनबाह्यांचा, शर्टाच्या आत, धातूचे बटण नको, चेन नको.

सोलापूरला चादरींच्या धंद्यामुळे सूत मिळते. ते आणून पाच पदर एकत्र केले. सुताचे विणकाम लोकरीसारखे नसते. ते जड असते, ताणले की परत आक्रसत नाही, आणि पहिल्या धुण्यात आटते. म्हणून आधी चार इंचांपेक्षा थोडा मोठा तुकडा 10 नंबरच्या सुयांवर विणला, गरम पाण्यात धुतला, वाळवला आणि मग टाके मोजले. (आपल्याकडे सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक, नव्याने शिकणाऱ्या इथे हमखास चुकतात.) 4 इंचांत 24 टाके आले, म्हणजे इंचाला 6. दिराची छाती 38 इंच, सैलपणासाठी 2 इंच धरून 40. त्याची निम्मी पाठ 20 इंच, 20 गुणिले 6 म्हणजे 120, आणि शिवणीचे 2. एकूण 122 टाके. बॉर्डर 12 नंबरवर, म्हणजे कंबरेशी लोंबणार नाही. तुकडा धुऊन मोजला नसता तर स्वेटर पहिल्याच धुण्यात मुलाच्या मापाचा झाला असता.

धागा किती आणायचा, यासाठी दुकानदारावर विसंबू नका. त्या मापाचा जुना स्वेटर किराणा दुकानात तोलून घ्या आणि थोडा जास्त धागा धरा. जुना धागा पातळ आणि नवा जाड असेल तर मात्र हा हिशेब चुकतो. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या, नाहीतर उन्हात एक बाही वेगळ्या रंगाची दिसते. आणि पेटीतले नको असलेले आधी उसवा. आम्ही दोन्ही मरून स्वेटर उसवले, खुर्चीच्या पाठीवर लडी केल्या, धुतल्या आणि खाली वजन लटकवून वाळवल्या. अब्बांचा स्वेटर त्यातूनच होतोय, नवा खर्च फक्त बटणांचा.

निळा स्वेटर मात्र उसवायचा नाही, असे दिराने ठरवले. सुट्टीच्या दिवशी बार्शीला मोटारसायकलवर जाताना तो वापरतो.

हे लिहीत असताना सुती स्वेटरची पाठ मुंढ्यापर्यंत आली आहे. नणंदेची टोपी झाली. बुरख्याखालच्या बारीक विणीच्या स्वेटरांना यंदा हात लागेल असे दिसत नाही. तीन पदरी लोकरीला ओळी फार लागतात आणि थंडी आमच्याकडे जेमतेम दोन महिने. ते पुढच्या दिवाळीनंतर, इन्शाअल्लाह. वहीत लिहून ठेवले आहे.