पाहणाऱ्याची वही
जपानी शिक्षकांच्या सामुदायिक पाठाभ्यासाविषयी या खेपेस लिहिण्याचे अभिवचन तूर्त तहकूब करतो. कारण सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षिकाबाईंनी पत्राने विचारलेल्या प्रश्नाचा निकाल लावल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे, हे त्यांना मान्य आहे. पण हातातल्या वहीत लिहायचे काय, असे त्या विचारतात.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच होते, आणि ते म्हणजे शेरा. 1855 साली मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाल्यापासून डेप्युटीसाहेबांच्या तपासणीत जी रीत रुजली, तिच्यात ‘अध्यापन समाधानकारक’, ‘फलकलेखनाकडे लक्ष द्यावे’ अशी वाक्ये शेरेबुकात उतरत. ती वरिष्ठांच्या दप्तरासाठी लिहिलेली असल्यामुळे मास्तरांना त्यांतून आपल्या वर्गाविषयी नवे असे काहीच कळत नसे. साहेब गेले, शेरेबुकही मागे पडले; परंतु केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतील गुरुजींचा पाठ पाहतानासुद्धा आपली लेखणी आपोआप त्याच वळणाने चालू लागते.

बी. एड. झालेल्या वाचकांना वर्गातले बोलणे नोंदवण्याची फ्लँडर्सची पद्धत परीक्षेपुरती तरी स्मरत असेल. दर तीन सेकंदांनी एक आकडा मांडायचा. दहा प्रकारांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक उरलेल्या अवकाशाचा. 35 मिनिटांच्या तासिकेत असे 700 आकडे होतात, आणि त्यांत पाहणाऱ्याने करावयाच्या स्तुतीला वा निंदेला तिळमात्र जागा नसते, म्हणून मला ही पद्धत प्रिय आहे. तथापि विचारात बुडालेल्या वर्गाची शांतता आणि हाताबाहेर गेलेल्या वर्गाचा गोंधळ या दोहोंना तिने दहावा क्रमांकच द्यावा, हे मला कधी पटले नाही.

बाईंना मी याहून साधा मार्ग सुचवीन : दोन-तीन मुले निवडावीत आणि शिक्षक काय बोलले व त्या मुलांनी काय केले, एवढेच शब्दशः टिपावे. माझ्या एका स्नेह्याच्या वर्गात 503 मधून 278 वजा करण्याचा पाठ चालला होता. पाहणाऱ्या सहकाऱ्याने एका बाजूस गुरुजींचे वाक्य लिहिले, ‘तीनातून आठ जात नाहीत’. दुसऱ्या बाजूस एका मुलीच्या पाटीवरचे उत्तर लिहिले, 375. त्यापुढे अभिप्राय म्हणून एक अक्षरही लिहिले नाही. मधल्या सुट्टीत वही हाती येताच स्नेह्यांच्या ध्यानी आले, की त्या मुलीने आपली आज्ञा तंतोतंत पाळली होती : तीनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून तीन वजा केले; शून्यातून सात जात नाहीत, तर सातातून शून्य. ‘हातच्याची संकल्पना अस्पष्ट’ असा शेरा तिथे असता, तर ते मुकाट्याने सही करून मोकळे झाले असते.

शिक्षकांनी परस्परांस साहाय्य करावे, या विचाराचा 1980 च्या सुमारास अमेरिकेत हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1996 साली तोंडी अभिप्राय आपल्या पद्धतीतून चक्क वगळला. कारण अभिप्राय देता देता सहकारी नकळत तपासनीस होऊ लागतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी भूमिकाही उलट्या केल्या : शिकवतो तो मार्गदर्शक, आणि पाहतो तो शिकणारा. मी इतक्या टोकास जाणार नाही. ज्याचा पाठ झाला त्याने आपण होऊन विचारले, तर पाहणाऱ्याने बोलावे, आणि विचारले असेल तेवढेच बोलावे. वही मात्र तासिका संपताच ज्याचा पाठ झाला त्याच्या स्वाधीन करावी. मुख्याध्यापकांनी मागितली तरी ती द्यावी की नाही, हे ठरवण्याचा अखत्यार त्याचा. जपानचे पुढील आठवड्यात.