‘क्विट’ आणि फारकत

वडूजच्या तहसील कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. खटाव तालुक्यात ही हकीकत नव्याने सांगायला नको. मला शोध घ्यायचा आहे तो त्या लढ्याच्या घोषणेतल्या इंग्रजी क्रियापदाचा.

‘क्विट इंडिया’ या शब्दयोजनेचे श्रेय त्या वर्षी मुंबईचे महापौर असलेल्या युसुफ मेहरअलींना दिले जाते. आपण तिचे ‘चले जाव’ केले. त्यात हाकलण्याचा जोर आहे. पण ‘क्विट’चा मूळ अर्थ ‘जाणे’ नव्हेच. लॅटिन ‘क्विएतुस’ म्हणजे विसावलेला, शांत. मध्ययुगीन कायद्याच्या भाषेत तोच शब्द देण्यातून सुटलेल्या माणसाला लावू लागले. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तो ‘ऋणमुक्त करणे’ या अर्थाने. मग ‘हक्क सोडणे’ आणि पुढे ‘जागा सोडणे’. ‘क्वाएट’ (शांत), ‘अ‍ॅक्विट’ (निर्दोष सोडणे), इतकेच काय, ‘क्वाइट’ (अगदी) ही सारी त्याचीच भावकी.

गंमत म्हणजे हाच प्रवास आपल्या एका शब्दानेही केला आहे. अरबी ‘फारिग’ म्हणजे कामातून मोकळा, निवांत. त्यावरून ‘फारिगखती’, म्हणजे देणे फिटल्याचा किंवा हक्क सोडल्याचा कागद. तीच आपली फारखत, बोलण्यातली फारकत. कर्ज फिटल्यावर सावकार लिहून देई ती फारकत, नवरा-बायको वेगळे झाले तीही फारकतच.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘क्विट’ आहे तो जागा सोडण्याच्या नोटिशीत. महिनेवार भाड्याला पंधरा दिवसांची, शेतीच्या सालवार पट्ट्याला सहा महिन्यांची. मेहरअली स्वतः कायदा शिकलेले. त्यामुळे कोर्टकचेरीची इंग्रजी कानांत बसलेल्या गोऱ्या साहेबाला ही घोषणा मालकाने भाडेकरूला दिलेल्या नोटिशीसारखी ऐकू आली असणार, असे मला वाटते. मालक कोण, हे त्या एका क्रियापदातच ठरून गेले होते. ‘चले जाव’मध्ये ही छटा हरवते. ‘फारकत द्या’मध्ये ती टिकली असती, पण मोर्चात ते ओरडणार कोण?

आता ‘क्विट’ नोकरीला लागतो, सिगारेटला लागतो. भूतकाळातही बहुधा ‘क्विट’च राहतो.

महसुली दप्तरात मात्र तो फार आधी मुरला होता. इनाम जमिनीवरच्या हलक्या साऱ्याला, आपल्या जुडीला, इंग्रज अंमलदार ‘क्विट-रेंट’ लिहीत. तो भरला की बाकीच्या देण्यातून सुटका. वडूजचा मोर्चा गेला होता तो अशा साऱ्याचे आणि जुडीचे हिशेब ठेवणाऱ्या कचेरीवरच.