रणांगणावरील पालक व घरीं राहिलेलें मूल

मूल कोणाजवळ राहावें हा प्रश्न न्यायासनापुढें येतो, तेव्हां घर आधींच मोडलेलें असतें. त्यांतून आईबापांपैकीं एकजण सैन्यांत असला म्हणजे अडचण दुणावते. हुकूम येतांच दूरदेशीं जाणें त्याला भाग; आणि इकडे दुसरा पक्ष म्हणणार, 'जो वर्ष वर्ष घरीं नसतो, तो मूल काय सांभाळणार?' देशाची चाकरी इमानानें केली हाच अपराध ठरून पोटचें मूल कायमचें दुरावावें, याहून विपरीत न्याय कोणता?

अमेरिकेनें या प्रश्नाचा बराच खोल विचार केला आहे. सैनिकांच्या दिवाणी हक्कांच्या रक्षणासाठीं तेथें २००३ सालीं जो मध्यवर्ती कायदा झाला, त्यान्वयें सेवेमुळें हजर राहूं न शकणाऱ्या सैनिकानें योग्य कागदपत्रांसह अर्ज केल्यास दावा निदान ९० दिवस तहकूब ठेवावा लागतो. मुलाच्या ताब्याचे दावेही त्यांत येतात. २०१४ सालीं त्यांत आणखी एक कलम घालण्यांत आलें. केवळ मोहिमेमुळें ताब्याचा तात्पुरता हुकूम झाला, तर त्याची मुदत त्या मोहिमेच्या कारणापुरतीच असावी. आणि कायमचा बदल मागितला गेल्यास, मोहिमेमुळें घडलेली गैरहजेरी हें एकच कारण धरून मुलाचें हित ठरवूं नये, असें तें सांगतें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपल्या वाचकांस मात्र २०१२ सालचा तेथील नमुना-कायदा अधिक जवळचा वाटेल. कांहीं राज्यांनीं तो स्वीकारला आहे. मुलाच्या हितास बाध येत नसेल, तर मोहिमेवर निघालेल्या पालकाच्या वांट्याचें संगोपन आजीआजोबांसारख्या प्रौढ आप्ताकडे तात्पुरतें सोंपविण्याची सोय त्यांत आहे. घटस्फोटानें नवराबायकोचें नातें तुटतें; नातवंडांचें नातें तुटत नाहीं, हें त्यांत मान्य झालें आहे.

आपल्याकडे १९२५ सालच्या कायद्यानें युद्धादि विशेष परिस्थितींत असलेल्या सैनिकाच्या पाठीमागें दावा पुढें रेटण्यास आळा घातला. हिंदु अज्ञानांच्या पालकत्वाच्या १९५६ सालच्या कायद्यांत पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें असें म्हटलें असलें, तरी मुलाचें कल्याण हेंच सर्वांत श्रेष्ठ मानलें आहे.

तथापि कायदा दाव्याची तारीख पुढें ढकलूं शकतो, मुलाचें बालपण नव्हे. म्हणून निघण्यापूर्वींच दोघांनीं शांतपणें लिहून ठेवावें: मूल कोणाजवळ राहील, आजोळीं व आजोबांकडे केव्हां जाईल, दूर गेलेल्याशीं त्याचें बोलणें कसें होईल, आणि रजेंत भेट कोठें होईल. आईबापांचें भांडण कितीही खरें असो. दाराशीं उभें राहून वाट पाहणाऱ्या लेंकराचा त्यांत कांहींच दोष नसतो.