खिडक्यांच्या कडांवरचा गडी

संगणकाच्या पडद्यावर आपण एकाच वेळी तीनचार खिडक्या उघडून बसतो. एकीत निबंध, दुसरीत पत्र, तिसरीत गाणी. या खिडक्यांच्या वरच्या कडांवरून एक वीतभरही नसलेला गडी धावू लागला तर? असे छोटे प्रोग्रॅम आहेत. बाणांच्या कळा दाबाव्यात, गडी पळतो, उड्या मारतो.

१९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात प्रत्येक वीट नि खड्डा कर्त्याने आधीच मांडून ठेवलेला आहे. येथे नेपथ्यच नाही. ते आपण कामासाठी उघडलेल्या खिडक्यांतून उसने घ्यायचे. हे साधते कसे?

प्रत्येक खिडकीची डावी, वरची, उजवी आणि खालची कड कोठे आहे, हे चार आकडे संगणकाच्या मूळ प्रणालीपाशी असतात. प्रोग्रॅम ते सेकंदातून अनेकदा विचारून घेतो. (मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते, खाली जावे तसा आकडा वाढतो. भूमिती शिकलेल्यांची येथे हमखास फसगत!) गड्याचे पाय वरच्या कडेला टेकले, तर ती जमीन. नाही टेकले, तर दर क्षणाला पडण्याचा वेग थोडा वाढवायचा. गुरुत्वाकर्षण ते एवढेच. खरी कटकट निराळीच. एक कड दुसऱ्या खिडकीमागे झाकली गेली, तर तिच्यावर गडी उभा कसा राहणार? म्हणून कोणती खिडकी कोणाच्या पुढे आहे, हेही पाहावे लागते.

आणखी एक अडचण कळांची. ज्या खिडकीत आपण काम करतो, तिलाच सहसा कळा मिळतात. गडी खेळवायचा तर निबंध थांबवावा लागतो. १९८९ साली मॅकिंटॉश संगणकावर आलेल्या ‘नेको’ या जपानी मांजराला ही अडचण नव्हती. ते माऊसच्या बाणामागे धावे, त्याला कळा लागतच नसत.

परवा निबंध लिहिता लिहिता मी खिडकी जरा बाजूला सरकवली, आणि तिच्यावर उभा असलेला गडी थेट तळाशी कोसळला. चार दिवस खपून लिहिलेला माझा निबंध त्याच्या लेखी एक कठडा होता, बस्स. मजकुरातला एक शब्दही त्याला ठाऊक नव्हता. खिडकी जागेवर आणली, पण त्याची उडी आता तिथवर पोचेना. अखेर पत्राची खिडकी खाली ओढून त्याला पायरी करून दिली.