पिशवीसोबत वाढताना : कांडोळाचा डिंक

अठराव्या वर्षी मुलांचा सर्जन सुटतो आणि मोठ्यांच्या वॉर्डात कुणी ओळखत नाही, त्याबद्दल या खेपेला लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. मधे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका आरोग्यसेविकेचं पत्र आलं आणि मी त्यातच अडकलो.

त्यांच्या उपकेंद्राच्या हद्दीत एक मुलगा आहे. जन्मतः गुदद्वार नव्हतं. तान्हा असताना नागपूरला कोलोस्टोमी झाली, म्हणजे मोठ्या आतड्याची वाट पोटावर काढली; पुढच्या दोन शस्त्रक्रिया राहून गेल्या. आता तो भाताच्या रोवणीला उभा राहतो, तेंदूच्या हंगामात फळीवर, म्हणजे पानं गोळा करून देतात त्या जागी, जातो. पिशवी मिळाली तर लावतो, एरवी जुनं लुगडं फाडून पोटाला गुंडाळतो. वाटेभोवतीची कातडी सोलवटून निघाली आहे. बाई विचारतात, "इथल्या जंगलात कांडोळाचा डिंक निघतो, चिकटतोही चांगला. त्यानं पिशवी चिकटवली तर चालेल का?"

आधी उत्तर देऊन टाकतो: झाडावरून काढलेला डिंक त्या कातडीवर लावू नका. त्यात सालीचे कण असतात, माती असते, जंतू असतात, आणि कातडी आधीच उघडी आहे. पण प्रश्न वेडगळ मुळीच नाही. ही पिशवी माणसाच्या अंगावर नीट बसायला लागली ती याच डिंकामुळं, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून आजचा सगळा लेख त्यावर.

लहानपणापासून स्टोमा, म्हणजे पोटावरची अशी वाट, घेऊन मोठा झालेला, ज्याची वैद्यकाच्या इतिहासात नोंद आहे असा पहिला माणूस फ्रान्समधल्या ब्रेस्ट गावचा. 1793 साली ड्युरे नावाच्या सर्जननं तीन दिवसांच्या बाळाच्या पोटावर वाट काढली. त्या बाळालाही गुदद्वार नव्हतं. ते बाळ पंचेचाळीस वर्षं जगलं. वैद्यकाच्या पुस्तकांत ड्युरेचं कौतुक येतं आणि ते रास्तही आहे. मला मात्र दर वेळी त्या पंचेचाळीस वर्षांचा विचार येतो. चिकटणारी पिशवी कुठंच नव्हती. म्हणजे कापड, पट्टा, धुणं आणि पुन्हा कापड. बाईंच्या पत्रातला मुलगा आज तेच करतो आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसं बदललं नव्हतं. रबरी पिशव्या आल्या, पण त्या पट्ट्यानं आवळाव्या लागत किंवा रबराच्या गोंदानं चिकटवाव्या लागत, आणि त्यांच्याखाली कातडी जळायची. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधले सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी 1950च्या दशकात कराया डिंकाची पूड कातडीवर वापरून पाहिली. तोवर ती पूड लोक दातांची कवळी हिरड्यांना धरून राहावी म्हणून वापरत. टर्नबुल यांचा तर्क सरळ होता: तोंडातल्या ओलसर त्वचेवर जे टिकतं आणि तिला इजा करत नाही, ते पोटावरही टिकेल. ते टिकलं, आणि खालची कातडी भरून येऊ लागली. टर्नबुल यांनीच 1958 साली नॉर्मा गिल यांना हाताशी घेतलं. गिल यांना स्वतःला इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याची पोटावर काढलेली वाट, होती. जगभरच्या स्टोमा परिचारिका त्यांना आपली पहिली मानतात. पुढं डिंकाच्या चकत्या निघाल्या, पिशवीच्या तोंडाशी बसवलेल्या.

कराया म्हणजेच आपला कांडोळ. काही भागांत त्याला कुलू म्हणतात. कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर वाढणारं झाड. साल कागदासारखी गुळगुळीत आणि पांढुरकी. उन्हाळ्यात पानं झडली की रात्री असं उभं दिसतं की लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. खोडाला घाव घातला की डिंक पाझरतो आणि सुकून त्याचे खडे होतात. या डिंकाचा गुण असा की तो पाण्यात बाभळीच्या डिंकासारखा विरघळत नाही, फुगतो. स्वतःच्या कितीतरी पट पाणी पोटात घेतो आणि तरी चिकट राहतो. स्टोमाच्या कडेला हेच हवं असतं, कारण तिथं ओल कधी संपत नाही. त्याला किंचित आंबूस वासही येतो. ते ॲसिटिक आम्ल, आणि निरोगी कातडीलाही थोडी आम्लताच मानवते. जगाला हा डिंक पुरवणारा मुख्य देश भारत. मध्य भारतातल्या आणि आंध्रातल्या टेकड्यांवर आदिवासी बायामाणसांनी गोळा केलेले खडे समुद्रापार गेले आणि तिथल्या मुलांच्या पोटावर बसले. पिशव्या मात्र उलट्या वाटेनं धानोऱ्यापर्यंत पोचल्या नाहीत. मला हे खुपतं आणि खुपत राहील.

डिंकाचं राज्य फार टिकलं नाही, त्याला कारणं होती. लघवीनं तो विरघळल्यासारखा होतो, म्हणून मूत्रमार्गाच्या स्टोमाला निरुपयोगी. उष्णतेनं पाघळतो. सोललेल्या कातडीवर झोंबतो. मग जिलेटिन, पेक्टिन आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज यांचं मिश्रण आलं. गंमत अशी की तेही तोंडातूनच आलं, तोंडातल्या व्रणांवर लावायच्या मलमातून. आजच्या चकत्या बहुतेक याच घराण्यातल्या. काही कंपन्यांच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये कराया अजूनही असतो, शुद्ध केलेला.

आता बाईंच्या पत्रातल्या मुलाकडे येतो. सोलवटलेल्या जागेवर स्टोमा पावडर भुरभुरवा, जास्तीची झटका, ओल्या कापसानं हलकं टिपा, सुकू द्या, मग चकती बसवा. कातडी फक्त पाण्यानं धुवा. खोबरेल लावू नका. मायेनं लावलेलं तेल हेच पिशवी सुटण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. मोठ्या माणसाला एकदा माप घेतलं की बरीच वर्षं चालतं. वाढत्या मुलाचं पोट, स्टोमाचा आकार, कमरेची घडी सारं बदलत जातं. दर काही महिन्यांनी कागदावर नवं माप कापावं लागतं. ज्या पोरांना सहा वर्षांच्या मापाची चकती बाराव्या वर्षी दिली जाते, त्यांची पिशवी गळणारच. दोष मुलाचा नसतो.

रोवणीत कंबर वाकवून दिवस जातो, पोटावर घडी पडते आणि चकतीची कड उचलते. त्या दिवसांत वरून सुती पट्टा बांधावा आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. मे महिन्यात घामानं चकती लवकर सुटते, ती नेहमीपेक्षा एक दिवस आधी बदलावी. शिल्लक पिशव्या टिनाच्या छपराखाली ठेवू नका, चिकटपणा जातो; माठाजवळ सावलीत ठेवा. ज्यांना इलिओस्टोमी आहे त्यांचं पाणी आणि मीठ दिवसभर वाहून जातं, आणि या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचं दुखणं उसळतं. अशा पोरानं फळीवर जाताना ओआरएस सोबत न्यावं. नुसतं पाणी कितीही प्यायलं तरी पुरत नाही.

स्टोमा बाहेर लोंबत असेल तर घाबरू नका, वर्षानुवर्षांच्या कोलोस्टोमीत ते होतं. पण तो काळा-निळा पडला तर त्याच दिवशी सर्जनकडे. आणि एक गोष्ट त्याच्या आईवडिलांना बसवून सांगा: राहिलेल्या शस्त्रक्रियांची वेळ निघून गेलेली नाही. मोठ्या वयातही गुदमार्ग तयार करता येतो. त्याआधी खालच्या आतड्यात रंगद्रव्य घालून त्याचा एक्स-रे फोटो आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी लागेल, कारण या मुलांत मूत्रपिंडाचे दोष बरेचदा सोबत असतात.

राहिला पिशव्यांचा खर्च. अपंगत्वाच्या 2016च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत स्टोमा नाही, म्हणून त्या वाटेनं मदत नाही. मुंबईची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मदत करते, सल्लाही देते. सल्ला देणाऱ्यांपैकी कित्येक स्वतः स्टोमा असलेले असतात. तिथं पत्र जरूर लिहा. पण मला जवळचा मार्ग दिसतो. धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. 2015 पासून पेसा (अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो ज्या बाबींवर खर्च करता येतो त्यांत आरोग्य आहे. ठराव ग्रामसभेनं करायचा. याच तालुक्यातल्या मेंढा-लेखानं 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा पैसा ग्रामसभेत बसून कसा खर्चायचा ते दाखवलं आहे. डिंकही गौण वनोपजच, त्यावरही ग्रामसभेचाच हक्क. एका पोराच्या पिशव्या गावाला जड नाहीत.

ठरावात मोघम "औषधोपचार" असं लिहू नका, अडकतं. चकती तीन-चार दिवसांनी बदलते, म्हणजे महिन्याला आठ ते दहा. उन्हाळ्याचे दोन महिने बारा धरा. सोबत तेवढ्याच पिशव्या आणि स्टोमा पावडरची बाटली. मुलाचं नाव ठरावात वाचू नका, "एक लाभार्थी" एवढं पुरे. माप आरोग्यसेविकेनं घेऊन कागद उपकेंद्रात ठेवावा. मसुदा हवा असेल तर कळवा, मी लिहून पाठवतो.